भेग आडवी की उभी? : अतिसंवाहक पट्टी, लाटणे आणि प्रेस

'सुपरकंडक्टर' हा शब्द ऐकला की आपल्या मेकॅनिकलच्या पोरांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "ते फिजिक्सवाल्यांचं काम, आपला काय संबंध?" फर्स्ट इयरला फिजिक्सच्या पेपरात पाच मार्कांची टीप लिहायची, माइस्नर इफेक्टची आकृती काढायची आणि विषय संपला. सेमिनारसाठी हा विषय मी घेतला तेव्हा माझ्या रूम पार्टनरनेही हेच ऐकवले. पण वाचत गेलो तसे लक्षात आले, की शास्त्रज्ञांनी पदार्थ शोधून दिला त्यानंतरची गाडी जिथे अडली होती ती जागा चक्क आपल्या वर्कशॉपमधली आहे. प्रश्न एवढाच होता : पट्टी लाटायची की दाबायची? या एका प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी दहा-पंधरा वर्षे घालवली. तो प्रश्न काय होता आणि तो कसा सुटला, हे या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करतो.

ही पट्टी आहे तरी काय?

थोडा इतिहास. १९११ मध्ये हॉलंडच्या कॅमरलिंग ओनेस यांना आढळले, की पारा सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. पण ४ केल्विन म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस. त्यासाठी द्रव हेलियम लागतो, आणि तो भलताच महाग. पुढची पंच्याहत्तर वर्षे ही मर्यादा फारशी हलली नाही. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडवर आधारित सिरॅमिक अतिसंवाहक शोधला आणि एकदम धांदल उडाली. १९८७ मध्ये इट्रियमचे संयुग ९० केल्विनच्या पुढे गेले. १९८८ मध्ये जपानच्या हिरोशी माएदा यांनी बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडचे कुटुंब शोधले. त्यातल्या 'बिस्मथ-२२२३' या भावंडाचे क्रांतिक तापमान सुमारे ११० केल्विन आहे. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे हेलियमऐवजी नायट्रोजनवर काम भागते. नायट्रोजन तर हवेतच आहे, आणि कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्यांचे कंटेनर आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातसुद्धा त्याच्यावरच चालतात.

पण खरी गंमत पुढे आहे. बिस्मथ-२२२३ हे सिरॅमिक आहे. म्हणजे कप-बशीच्या जातीचे. कप-बशीची तार काढून दाखवा! मोटार गुंडाळायची, केबल टाकायची, चुंबक करायचा तर किलोमीटरभर लांब, वाकणारी तार हवी. वाकवले की तडकणारा पदार्थ त्यासाठी काय कामाचा?

यावर निघालेला मार्ग म्हणजे चांदीच्या आवरणातली पट्टी. आज तयार मिळणारी अशी पट्टी साधारण सव्वाचार मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटरपेक्षा थोडी कमी जाड असते. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मिलिमीटर. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की ही पट्टी जवळपास २०० अँपिअर करंट विनारोध नेते. घरच्या वायरिंगमधली १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आठवा. तिच्यातून आपण दहा-बारा अँपिअरच्या पुढे जायला धजत नाही.

पुरणपोळीची पद्धत

ही पट्टी करण्याच्या पद्धतीचे सरळ नाव आहे 'नळीत पूड'. मला मात्र ती पुरणपोळीसारखी वाटते. बाहेर कणकेचा उंडा म्हणजे चांदी, आत पुरण म्हणजे सिरॅमिकची पूड. पायऱ्या अशा :

१) बिस्मथ, शिसे, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची पूड ठराविक प्रमाणात करून भाजतात. या टप्प्यावर त्यात २२२३ जवळपास नसतेच. मुख्यतः त्याचे धाकटे भावंड बिस्मथ-२२१२ आणि इतर काही संयुगे असतात. थोडे शिसे मिसळले की २२२३ तयार होणे सोपे जाते.

२) ही पूड चांदीच्या नळीत ठासून भरतात आणि नळी डायमधून ओढत ओढत बारीक करतात.

३) अशा तारांचे तुकडे करून ते एकत्र जुळवतात आणि दुसऱ्या चांदीच्या किंवा चांदीच्या मिश्रधातूच्या नळीत घालतात. पुन्हा ओढतात. आता एका तारेत कित्येक डझन बारीक धागे झाले.

४) ही गोल तार रोलमधून काढून चपटी पट्टी करतात.

५) पट्टी भट्टीत सुमारे ८३० ते ८४० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवतात. चांदीच्या आतच पुडीची रासायनिक क्रिया होऊन २२२३ तयार होते.

६) भट्टीतून काढून पट्टीला पुन्हा एकदा दाब देतात, आणि पुन्हा भट्टीत ठेवतात.

चांदीच का? कारण ती या ऑक्साइडशी भांडत नाही आणि गरम असताना स्वतःमधून ऑक्सिजन आत-बाहेर जाऊ देते. तांबे किंवा लोखंड वापरले तर ते आतला ऑक्सिजन खाऊन टाकील. पट्टीच्या छेदात निम्म्याहून अधिक चांदीच असते, म्हणून ही पट्टी स्वस्त नाही.

आता सहावी पायरी नीट बघा. आपला सगळा लेख या एका पायरीवर आहे.

भट्टीत पट्टी सैल का होते?

२२२३ चे कण अभ्रकासारखे पापुद्र्यांचे असतात. करंट पापुद्र्याच्या पृष्ठाला समांतर सहज वाहतो, पण एका पापुद्र्यावरून वरच्या पापुद्र्यात जायला कुरकुरतो. म्हणून सगळे पापुद्रे पट्टीच्या पृष्ठाला समांतर, एकमेकांना घट्ट चिकटून निजलेले हवेत. पत्त्यांचा कॅट नीट रचला तर एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाता येते. तेच पत्ते विस्कटून टाकले की मध्ये पोकळ्याच पोकळ्या.

पहिल्या भट्टीत २२१२ चे २२२३ होताना हे पापुद्रे वाढतात, आणि वाढताना वाटेल त्या दिशेला एकमेकांना ढकलतात. त्यामुळे आतला गाभा घट्ट होण्याऐवजी उलट फुगतो. आपल्याला शिकवलेले असते की सिंटरिंग केले की घनता वाढते. इथे भाजल्यावर घनता कमी होते! पोकळ्या वाढतात, काही पापुद्रे तिरके उभे राहतात.

म्हणून पट्टी बाहेर काढून थंड अवस्थेत पुन्हा दाबायची. पोकळ्या मिटतात, तिरके पापुद्रे आडवे होतात. पण भाजलेल्या सिरॅमिकला थंड असताना दाबले तर ते तडकणारच. दुसऱ्या भट्टीत थोडासा द्रव अंश तयार होतो आणि या भेगा बऱ्याचशा बुजतात. सगळ्या मात्र बुजत नाहीत.

म्हणजे दाब द्यावा तर भेगा, न द्यावा तर पोकळ्या. आता सगळे कसब यात, की भेगा पडल्या तरी त्या कोणत्या दिशेने पडाव्यात हे आपण ठरवायचे.

जवळचा काठ आणि काटकोनातली भेग

इथे दोन साधे नियम लक्षात ठेवा. पहिला : दोन पृष्ठांमध्ये दाबलेला पदार्थ जिकडे कमी घर्षण सोसावे लागेल तिकडे, म्हणजे जवळच्या काठाकडे पळतो. दुसरा : ठिसूळ पदार्थ ज्या दिशेने ताणला जातो, त्या दिशेला काटकोनात भेग पडते. खडू दोन्ही टोकांना धरून ओढला तर आडवा तुटतो, लांबीत चिरत नाही.

आता ४ मिलिमीटर रुंद पट्टी घ्या.

प्रेसमध्ये : वर-खाली ३० मिलिमीटर लांबीच्या सपाट डाय. दाबाखालचा भाग ३० लांब आणि ४ रुंद. मधल्या पदार्थाला बाजूचा काठ फक्त २ मिलिमीटरवर, लांबीकडचा काठ १५ मिलिमीटरवर. साहजिकच तो बाजूला पसरतो. पट्टी रुंद होते, लांबी जवळजवळ तेवढीच राहते. ताण रुंदीच्या दिशेने, म्हणून भेगा लांबीच्या दिशेने, उभ्या.

रोलमध्ये : रोलची त्रिज्या १०० मिलिमीटर आणि एका पासमध्ये जाडी ०.०५ मिलिमीटरने कमी करायची आहे असे धरू. रोल आणि पट्टी यांच्या स्पर्शाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले जाडीतील घट, आणि त्याचे वर्गमूळ. १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५, त्याचे वर्गमूळ सुमारे २.२ मिलिमीटर. म्हणजे दाबाखालचा भाग २.२ लांब आणि ४ रुंद. आता जवळचा काठ लांबीकडे आहे. पदार्थ पुढे पळतो, पट्टी लांब होते. ताण लांबीच्या दिशेने, म्हणून भेगा आडव्या, पट्टीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे.

करंट कोणत्या दिशेने वाहतो? लांबीच्या. उभी भेग पडली तर करंट तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो. आडवी भेग मात्र सरळ रस्त्यावर पडलेले झाड. करंटला चांदीत उतरून वळसा घालावा लागतो आणि चांदीला रोध आहे. आपल्या शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात काळ्या रानात भेगा पडतात. पाटाच्या लांबीत गेलेली भेग पाणी फार अडवत नाही, पण पाट आडवा फुटला की पुढचे रान कोरडेच!

हा फरक डोळ्यांनी बघावा म्हणून मी मेसमध्ये एक प्रयोग केला. भाकरीचे घट्ट पीठ घेतले, ज्वारीचे. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, ती ताणली जाते. ज्वारीच्या पिठात तो नसतो, म्हणून पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. आमच्या परभणी भागात हे कोणाला शिकवावे लागत नाही, पण मटेरियल सायन्सच्या भाषेत सांगायचे तर गव्हाची कणीक तन्य आणि ज्वारीचे पीठ ठिसूळ. पिठाच्या बोटभर रुंद दोन पट्ट्या केल्या. एक लाटण्याने लांबीच्या दिशेने लाटली : दोन्ही कडांवर आडव्या चिरा आल्या. दुसरी दोन फळ्यांमध्ये ठेवून वरून दाबली : पट्टी रुंद झाली आणि पडलेल्या चिरा बहुतेक लांबीच्या बाजूने गेल्या. मेसच्या मावशी म्हणाल्या, "एवढं शिकून शेवटी पिठातच हात घातला का रे?" असो. पीठ म्हणजे काही सिरॅमिक नव्हे आणि हा काही पुरावा नव्हे, पण नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. हॉस्टेलमध्ये कोणीही करून बघावा.

प्रयोगशाळांतही हेच दिसत होते. १९९० च्या दशकात प्रेस केलेले चांगले छोटे तुकडे ७७ केल्विनला गाभ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३० हजार अँपिअरच्या पुढे जात होते. लाटलेल्या लांब पट्ट्या साधारण १० ते २० हजारांच्या आसपास घुटमळत होत्या. पूड तीच, चांदी तीच, भट्टीही त्याच प्रकारची. फरक फक्त दाबण्याच्या पद्धतीत.

मग सगळी पट्टी प्रेसनेच का करत नाहीत?

हा प्रश्न व्हायवात कोणी विचारला तर उत्तर तोंडी द्यायचे नाही, सरळ आकडेमोड करून दाखवायची.

अशा पट्टीला मधला दाब साधारण १ ते २ गिगापास्कल देतात. आपण दीड धरू, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १५०० न्यूटन. ४ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब तुकड्याचे क्षेत्रफळ १२० चौरस मिलिमीटर. बल झाले १ लाख ८० हजार न्यूटन, म्हणजे सुमारे १८ टन. प्रयोगशाळेतली छोटी हायड्रॉलिक प्रेस हे करते. आपल्या स्ट्रेंथ लॅबमधल्या ४० टनी मशीनवर जास्तीत जास्त साडेसहा सेंटिमीटर पट्टी दाबता येईल.

आता १ मीटर पट्टी एका दमात दाबायची म्हटली तर? ४ हजार चौरस मिलिमीटर गुणिले १५००, म्हणजे ६० लाख न्यूटन : सहाशे टनांची प्रेस. आणि १ किलोमीटर? सहा लाख टन! अशी प्रेस कुठेही नाही आणि होणारही नाही. रोलचे वैभव हेच, की तो एका वेळी फक्त दोन-अडीच मिलिमीटर लांबीवर दाब देतो. म्हणून लहानशा मशीनवर किलोमीटरच्या किलोमीटर पट्टी निघते.

म्हणजे चांगली पट्टी करणारी पद्धत लांब पट्टी करू शकत नव्हती, आणि लांब पट्टी करणारी पद्धत चांगली पट्टी करत नव्हती. पुढची सगळी धडपड या दोघांची सांगड घालण्याची आहे.

तोडगा पहिला : टप्प्याटप्प्याने प्रेस

पट्टी थोडी सरकवायची, थांबायचे, दाबायचे, पुन्हा सरकवायचे. शिवणयंत्रावर कापड सरकते तसे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा विद्यापीठात रेने फ्ल्युकिगर यांच्या गटाने १९९० च्या दशकात या पद्धतीवर बरेच काम केले.

अडचण जोडावर येते. डायची कड जिथे संपते तिथे एका बाजूला दाबलेली पातळ पट्टी आणि दुसऱ्या बाजूला न दाबलेली जाड पट्टी. त्या पायरीवर पदार्थ लांबीकडे ढकलला जातो आणि नेमकी तिथेच आडवी भेग पडायची भीती. म्हणून डायच्या कडा गोलसर करतात आणि प्रत्येक ठोका आधीच्या भागावर थोडा चढवून देतात. मग वेळेचा हिशोब बघा. ५० मिलिमीटरची डाय, प्रत्येक वेळी २५ मिलिमीटर सरकवायचे, तर १ किलोमीटरला ४० हजार ठोके. एका ठोक्याला ५ सेकंद धरले तर २ लाख सेकंद, म्हणजे पंचावन्न तासांहून अधिक. रोलवर हेच काम फार थोड्या वेळात होते. आणि ४० हजार ठोक्यांतला एक जरी बिघडला तरी सगळी पट्टी त्या जागेपुरतीच चांगली!

तोडगा दुसरा : रोललाच प्रेससारखे वागायला लावणे

वरचे सूत्र पुन्हा बघा. स्पर्शाची लांबी वाढवली की रोल प्रेससारखा वागू लागतो. ती रुंदीइतकी, म्हणजे ४ मिलिमीटर करायची तर त्याच घटीला त्रिज्या किती हवी? ४ चा वर्ग १६, भागिले ०.०५, म्हणजे ३२० मिलिमीटर. रोलचा व्यास झाला ६४ सेंटिमीटर, आणि पट्टी पाव मिलिमीटर जाडीची! शिवाय इतका मोठा रोल दाबाखाली स्वतःच किंचित चपटा होतो, त्यामुळे जाडी सांभाळणे कठीण. दुसरी युक्ती म्हणजे पट्टी पोलादाच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये ठेवून तिघांना एकत्र लाटायचे. पोलाद सहजासहजी लांबत नाही, ते आतल्या पट्टीला धरून ठेवते आणि लांबीकडचा ताण कमी होतो. या युक्त्यांनी फरक पडला, पण आडव्या भेगांचा प्रश्न मुळातून गेला नाही.

तोडगा तिसरा : चहूबाजूंनी आवळणे

हा तोडगा समजायला मला फार वाचावे लागले नाही, कारण माझे मामा मानवतला जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहेत. आमच्या जिल्ह्यात मानवत, सेलू, परभणी इथे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग जुने. सरकी काढलेली रुई पेटीत भरतात, रॅमने दाबतात आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर काढतात. मामांना मी पट्टीची ही सगळी कहाणी सांगितली. प्रेसमध्ये पट्टी बाजूला पसरते आणि चिरते म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "आरं, पेटीच्या भिंती काढून रुई दाब की. गाठ न्हाई, गादी हुईल."

मुद्दा नेमका हाच. प्रेसमधल्या पट्टीला बाजूच्या भिंती नाहीत. वरून दाब, बाजू मोकळ्या. म्हणून पसरणे आले, पसरणे आले म्हणून ताण आला, आणि ताण आला म्हणून भेग आली, मग ती उभी का असेना. सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला तर? पदार्थाला पळायला काठच नाही. तो फक्त घट्ट होईल.

पण किलोमीटरभर पट्टीला भिंती कशा बांधायच्या? उत्तर निघाले : वायूच्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २००० च्या आसपास यावर संशोधन झाले आणि जपानच्या सुमितोमो इलेक्ट्रिक कंपनीने २००४ च्या सुमारास ते कारखान्यात उतरवले. पट्टीचे अख्खे रीळ दाबपात्रात ठेवायचे आणि शेवटची भट्टी सुमारे ३०० पट वातावरणीय दाबाच्या वायूत करायची. ३०० वातावरण म्हणजे ३० मेगापास्कल. प्रेसचा दीड गिगापास्कल कुठे आणि हे कुठे, पन्नास पट कमी! तरी पुरते, कारण आठशेहून अधिक अंशांना चांदी मऊ झालेली असते, सिरॅमिकही हळूहळू सरकू शकते आणि वेळ भरपूर असतो. थंड लोखंडाला घणाचे घाव लागतात, तापलेल्याला थोडेही पुरतात, हे आपल्या गावच्या लोहाराला ठाऊक असतेच.

यात एक नाजूक हिशोब आहे. २२२३ तयार व्हायला ऑक्सिजनचा आंशिक दाब नेमका लागतो, साधारण ०.०८ वातावरण. एकूण दाब ३०० वातावरण असेल तर ऑक्सिजनचे प्रमाण ०.०८ भागिले ३००, म्हणजे फक्त ०.०२७ टक्के ठेवावे लागते. बाकी सगळा निष्क्रिय वायू. शिवाय पट्टीची दोन्ही टोके बंद हवीत आणि चांदीला सुईच्या अग्राएवढेही छिद्र चालत नाही. नाहीतर वायू आत शिरून आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि आवळणे थांबते.

परिणाम असा, की गाभ्याची घनता सुमारे ८५ टक्क्यांवरून जवळजवळ १०० टक्क्यांवर गेली. मधल्या लाटण्यात पडलेल्या भेगाही या दाबाखाली जास्त चांगल्या मिटू लागल्या, आणि पट्टीची करंट नेण्याची क्षमता दीडपटीच्या आसपास वाढली. विशेष म्हणजे हे छोट्या तुकड्यात नव्हे, किलोमीटरभर लांबीत.

पुढे काय झाले?

बिस्मथ-२२२३ पट्टी प्रत्यक्ष कामाला लागली. अमेरिकेत अल्बनी शहरात २००६ मध्ये ३५० मीटरची केबल चालू झाली. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये १० किलोव्होल्टची, १ किलोमीटरची केबल वीजपुरवठ्यात जोडली गेली. जपानमध्ये २००५ साली बिस्मथ पट्टीच्या चुंबकांवर मॅग्लेव्ह गाडी ताशी ५५० किलोमीटरच्या पुढे धावली. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय कोलायडरमध्ये खोलीच्या तापमानातून अतिथंड चुंबकांपर्यंत करंट नेणाऱ्या हजारावर जोडण्यांत हीच पट्टी आहे. तिथे चांदीत थोडे सोने मिसळलेले असते, कारण शुद्ध चांदी उष्णताही आत घेऊन येते.

दरम्यान इट्रियम जातीच्या संयुगांची दुसऱ्या पिढीची पट्टी आली. तिच्यात धातूच्या फितीवर अतिसंवाहकाचा पातळ थर चढवतात, पूडही नाही आणि प्रेसही नाही. मग प्रेसची गोष्ट संपली का? नाही. २००८ मध्ये लोहावर आधारित अतिसंवाहक सापडले. त्यांच्याही पट्ट्या 'नळीत पूड' पद्धतीने करतात. तिथेही प्रेस केलेले, विशेषतः गरम प्रेस केलेले तुकडे पुढे आणि लांब पट्टी लाटायची वेळ आली की तोच जुना प्रश्न. चिनी संशोधकांनी २०१६ मध्ये १०० मीटर लांबीची अशी पट्टी केली. पदार्थ बदलला, प्रश्न तोच राहिला.

आपल्याकडेही या क्षेत्रात काम झालेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगातील अतिसंवाहकता सापडली आणि १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारा आणि केबल विकसित केल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने विद्युत-निक्षेपणाने, म्हणजे मुलामा चढवतात त्या तत्त्वाने, उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचे थर तयार केले. तेव्हा हे सगळे फक्त परदेशातच होते असे समजायचे कारण नाही.

यातून आपण काय घ्यायचे?

मला यातून तीन गोष्टी मिळाल्या.

एक, 'साधी' प्रक्रिया असे काही नसते. लाटणे, दाबणे, ओढणे हे आपण सेकंड इयरला जर्नलमध्ये कॉपी करून मोकळे होतो. पण स्पर्शाची लांबी दोन मिलिमीटर की चार, एवढ्यावर भेगेची दिशा ठरते आणि भेगेच्या दिशेवर पट्टीचे नशीब.

दोन, दोष टाळता येत नसेल तर तो कुठे आणि कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणे हेही इंजिनिअरिंगच आहे. वेल्डिंग, कास्टिंग, फोर्जिंग, कुठेही हा विचार लागू पडतो.

तीन, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ३ सेंटिमीटरचा विक्रम म्हणजे किलोमीटरची तार नव्हे. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकी, तशी पट्टीची क्षमता तिच्या सर्वांत वाईट जागेइतकी. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये दहा नमुन्यांतला सर्वांत चांगला निवडून त्याचाच फोटो आणि त्याचाच आकडा रिपोर्टमध्ये लावण्याची पद्धत पडली आहे. सबमिशन होते, मार्कही मिळतात. पण उद्या कोणी म्हणाले, की असे हजार नग करून दे, तेव्हा तो एक आकडा कामाचा राहत नाही. म्हणून यंदा प्रोजेक्ट करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे : सर्वांत चांगला आकडा जरूर द्या, पण त्याच्या शेजारी सर्वांत वाईट आकडाही छापा आणि तो का आला हे दोन ओळींत लिहा. माझ्या मते गाईडने आणि परीक्षकांनीही पहिला प्रश्न त्याच आकड्यावर विचारावा. खरे शिकणे तिथून सुरू होते.

ज्यांना या विषयात रस वाटला असेल त्यांनी रात्री मेस सुटल्यावर माझ्या रूमवर जरूर यावे. आकडेमोडीची वही दाखवीन. येताना थोडे ज्वारीचे पीठ आणलेत तर उत्तमच!